चौथ्या मजल्यावरचं बिऱ्हाड

श्टुटगार्टमध्ये नर्सला नोकरी मिळते, खोली मिळत नाही. इस्पितळं आमची वाट बघत असतात. घरं कुणाचीच वाट बघत नाहीत. इस्पितळाने सुरुवातीचे काही महिने कर्मचाऱ्यांच्या वसतिगृहात सोय केली होती, पण ती मुदतीची. पुढच्या तुकडीतल्या मुली यायच्या आत ती खोली सोडायची होती. आणि जर्मनीत खोली म्हणजे नुसतं छप्पर नसतं. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते, त्यासाठी घर देणाऱ्याचं लेखी पत्र लागतं, आणि कराचा क्रमांक, बँकेचं कार्ड, विम्याचे कागद सगळं त्याच पत्त्यावर पोस्टाने येतं. पत्ता नाही तर कागदोपत्री माणूसच नाही.

स्वतंत्र घर परवडण्यासारखं नव्हतं. अनामत म्हणून तीन महिन्यांचं मूळ भाडं मागायची मुभा तिथल्या कायद्याने मालकाला दिली आहे, आणि माझा पगार अजून मदतनीसाचा होता. म्हणून ‘वेगे’. चारपाच अनोळखी माणसांनी एक घर वाटून घ्यायचं, प्रत्येकाला आपली खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणी सगळ्यांची. विद्यार्थ्यांनी रुळवलेली ही रीत आता नोकरदारांनी आणि पेन्शनरांनीही उचलली आहे.

ज्या घरात मी शेवटी राहिले ते शहराच्या पश्चिम भागात, एका जुन्या दगडी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. श्टुटगार्ट डोंगरांच्या खोलगटात वसलेलं आहे. उतारांवर द्राक्षमळे, आणि वस्तीतून वर चढणारे चारशेच्या वर दगडी जिने. पायांना कुठेच सुटका नाही. मुलाखत झाली स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. पासष्टी ओलांडलेल्या एक बाई, ज्यांनी आयुष्यभर पुस्तकबांधणीचं काम केलं होतं. मालकाशी करार त्यांचा, बाकीचे त्यांचे पोटभाडेकरू. दुसरा, बाहुलीनाट्य शिकणारा एक मुलगा. तिसरा, शहरात नवं भुयारी रेल्वे स्थानक बांधलं जातंय त्या कामावरचा स्पॅनिश इंजिनियर. चहा दिला, बिस्किटं दिली, आणि बाईंनी विचारलं, “तुला काय चालत नाही?”

मी म्हणाले, मला सगळं चालतं. आमच्या मिरजेत शहाण्या मुलीचं उत्तर हेच. हॉस्टेलमध्ये, पाहुण्यांच्या घरी, सासरी, कुठेही हेच सांगायला आम्हाला शिकवलेलं. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “असं उत्तर दिलंस तर तुझ्याबद्दल आम्हाला काहीच कळत नाही.” त्यात राग नव्हता. खोली मिळाली ती इंजिनियरमुळे. तो स्वतः बोगद्यात पाळ्या करायचा, आणि दिवसा झोपणारं आणखी कुणी घरात असावं असं त्याला वाटत होतं.

अशा घरात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. सत्तरीकडे झुकलेल्या बाईंना नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. मी त्यांना काकू म्हणायला लागले, आणि का ते सांगितलं. त्यांनी तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला. महिनाभरात घर त्यांना काकू म्हणू लागलं. टपाल घेऊन येणाऱ्या माणसालाही तो शब्द ठाऊक झाला.

घर विलक्षण होतं. शॉवर स्वयंपाकघरात होता. या जुन्या इमारती बांधल्या तेव्हा घरात न्हाणीघर असेलच असं नव्हतं; पुढे पाण्याचा नळ जिथे होता तिथेच लोकांनी काचेची खोकी उभी केली. गॅसच्या शेगडीपासून चार पावलांवर ते खोकं, पुढे जाड पडदा. कुणी आंघोळीला गेलं की स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला लाकडी सैतानाची एक बाहुली लटकवायची. सैतान दिसला की कुणी आत यायचं नाही, दार वाजवायचंही नाही. घरात दोन पुरुष, आणि मी मिरजेच्या सनातनी घरातली. सुरुवातीला मी पहाटे सगळे उठायच्या आत आंघोळ उरकायचे. पुढे त्या बाहुलीवर माझा विश्वास बसला. सैतान लटकत असताना त्या घरात कुणीही, एकदाही, दाराला हात लावला नाही.

आणि मुंडकी. बाहुलीनाट्य शिकणाऱ्या मुलाला बाहुल्यांची डोकी सुकवायला जागा लागायची: कागदाच्या लगद्याची, लाकडाची, कापडावर सरस चढवलेली. ती मार्गिकेत दोरीला टांगलेली असत, डोळे न रंगवलेली. रात्रपाळी करून पहाटे दार उघडलं की सगळी माझ्याकडे वळून बघत असल्यासारखी वाटायची. पण मला त्यांची भीती वाटली नाही, कारण आमच्याकडे सतारमेकर गल्लीत असेच भोपळे आढ्याला टांगलेले असतात. वाद्य होण्याआधीचे, नुसते सुकत. तसाच सरसाचा आणि पॉलिशचा वास. त्या वासाने परक्या शहरातल्या त्या मार्गिकेत मला पहिल्यांदा बरं वाटलं. हे त्याला सांगितलं तेव्हा त्याने मला त्याच्या विद्यालयातल्या कार्यशाळेत नेलं. श्टुटगार्टच्या संगीत आणि नाट्य महाविद्यालयात बाहुलीनाट्याचा अभ्यासक्रम १९८३ साली सुरू झाला. आल्ब्रेख्ट रोझर हे नामांकित दोरीबाहुलीकार त्याच्या मुळाशी होते. तिथे मी पाहिलं की विद्यार्थी आधी बाहुली नाचवायला शिकत नाहीत. आधी तिचं वजन कुठे पडतं ते शिकतात. ती उभी राहते ती पाय जमिनीला नीट टेकल्यावरच. मला लगेच वॉर्डातल्या आज्या आठवल्या.

माझा वॉर्ड वृद्धांचा होता. बहुतेक जण मांडीचं हाड मोडून आलेले, शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चालायला शिकणारे. आपल्याकडे पदवी घेतलेली नर्स सलाईन लावते, इंट्राकॅथ टाकते, औषधं देते, नोंदी ठेवते. स्पंजिंग, बेडपॅन, घास भरवणं हे बरंचसं नातेवाइकांवर किंवा मावशींवर सोडलेलं असतं. तिथे उलट आहे. शिरेतून रक्त काढणं, सुई टाकणं हे बऱ्याच ठिकाणी डॉक्टर करतात. माणसाला धुणं, पुसणं, कुशीवर वळवणं, संडासला नेणं हे नर्सिंगच्या गाभ्याचं काम मानतात. शिवाय आमची पदवी मान्य होईपर्यंत आम्ही कागदावर मदतनीस. पदवीची छाननी होते, कमी पडलेल्या विषयांची यादी हातात येते, मग एक तर पूरक प्रशिक्षण नाही तर परीक्षा. भाषेची बी-२ पातळी वेगळीच. आयसीयूत पाच वर्षं काढलेल्या मुली तिथे पहिल्याच दिवशी ओला टॉवेल घेऊन उभ्या राहतात, आणि त्यांतल्या काहींना तो अपमान वाटतो. मी त्यांना दोष देत नाही.

वॉर्डात एक मल्याळी सिस्टर होती, सगळ्यांची चेची, म्हणजे ताई. साठच्या दशकात चर्चच्या मध्यस्थीने केरळच्या मुली जर्मन इस्पितळांत यायला लागल्या. तिची मावशी त्या पिढीतली. चेची मला म्हणाली, “ज्याला तू पुसतेस तो तुला दिवसभरात न सांगितलेलं सगळं त्या वीस मिनिटांत सांगतो. पाठ बघ, टाचा बघ, श्वास ऐक. हे काम डॉक्टरला कधी मिळणार नाही.” खरं होतं ते. बेडसोअरची पहिली लाली मी तिथे बोटांनी ओळखायला शिकले. म्हातारा माणूस जेवण ढकलतो तेव्हा भूक नसते की कवळी टोचते, हे तोंड स्वच्छ करताना कळतं. चांगलं नर्सिंग इथून सुरू होतं असं आज माझं ठाम मत आहे, आणि आपल्या नर्सिंग शाळांनी हे काम मावशींवर सोडून दिलं यात रोग्याचं नुकसान झालं असंही मला वाटतं.

पण घराकडे वळते, कारण वॉर्डात जे जमलं त्याची सुरुवात घरात झाली.

रात्रपाळ्यांचा पहिला सलग आठवडा होता. सकाळी सात-साडेसातला घरी यायचं, पडदा ओढायचा, झोपायचं. जर्मनीत शांततेचे नियम कडक आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज नको, रविवारी भिंतीला खिळा ठोकायचा नाही, रिकाम्या बाटल्या काचेच्या पेटीत टाकायलाही ठरावीक वेळा. हे सगळे नियम रात्री झोपणाऱ्यासाठी आहेत. दिवसा झोपणाऱ्यासाठी एकही नियम नाही. शेजारच्या खोलीत बाहुल्यांचा मुलगा सकाळी नऊला लाकूड तासायला बसायचा, आणि तो पूर्णपणे नियमात होता. मी कानांत कापूस घालून पडून राहायचे. तक्रार करायचा विचारही मनात आला नाही. नव्या घरात आपण जुळवून घ्यायचं, एवढंच मला माहीत होतं.

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी घराची बैठक असायची. टेबलावर वही, भाड्याचा हिशोब, कुणी काय आणलं त्याची नोंद, आणि मग प्रत्येकाने आळीपाळीने सांगायचं: मला काय हवंय, मला काय टोचतंय. इंजिनियर म्हणाला, भांडी रात्रभर सिंकमध्ये राहतात ते मला आवडत नाही. मुलगा म्हणाला, माझा सरस कुणीतरी फ्रिजमधून काढून ठेवला, तो वाया गेला. काकू म्हणाल्या, मी हल्ली थकते, बाटल्या खाली नेणं दुसऱ्या कुणीतरी घ्या. कुणाचा आवाज चढला नाही. प्रत्येक गोष्टीवर दोन-तीन वाक्यं, वहीत एक ओळ, पुढे. माझ्या घरी अशी एक जरी गोष्ट निघाली असती तर चार दिवस अबोला झाला असता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, काही नाही. काकूंनी वही मिटली नाही. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, माझ्या डोळ्यांखाली काय दिसत होतं ते बघत. मग मी सांगितलं: मला दिवसा झोप मिळत नाही.

तो मुलगा चकितच झाला. “तू सांगितलंच नाहीस,” तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर दुखावल्याचा भाव होता. मला वाटलं होतं, सांगितलं तर त्याला वाईट वाटेल. त्याला वाईट वाटलं ते न सांगितल्याचं. आपल्यामुळे कुणीतरी आठवडाभर जागं राहिलं आणि आपल्याला कळलंही नाही, याचं. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक मोठा तक्ता लागला. माझ्या आणि इंजिनियरच्या पाळ्या दोन रंगांत. माझ्या रात्रपाळीच्या दिवसांत तासकाम दुपारी दोननंतर. इंजिनियरने त्याच्याकडचा काळा जाड पडदा मला दिला आणि तो लावायला स्वतः शिडीवर चढला. त्या घरात पुढे माझी झोप मोडली नाही असं नाही, पण मोडली की मी बोलायचे, आणि विषय तिथेच मिटायचा.

आपण ज्याला जुळवून घेणं म्हणतो त्यात बहुतेक वेळा एक जण गप्प राहतो आणि बाकीच्यांना काहीच कळत नाही. गप्प राहणाऱ्याला वाटतं आपण त्याग करतोय. बाकीच्यांशी मात्र त्याचं नातंच जुळत नाही, कारण त्याने त्यांना आपल्यासाठी काही करायची संधीच दिलेली नसते. हे मला परदेशात, तीन परक्या माणसांच्या घरात कळलं. आईच्या आयुष्याकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेने बघायला लागले.

याचा वॉर्डाशी संबंध थेट होता. तिथे रोग्याला हात लावण्याआधी सांगावं लागतं, विचारावं लागतं. खोलीचं दार वाजवल्याशिवाय आत जायचं नाही, आतला माणूस स्मृतिभ्रंशाने सगळं विसरलेला असला तरी. पुसताना अंगाचा जेवढा भाग उघडा लागतो तेवढाच उघडा, बाकी टॉवेलखाली. आता मी तुमचा डावा हात धुते, पाणी गरम वाटतंय का, आधी चेहरा तुम्ही स्वतः पुसता का. सुरुवातीला हे सगळं मी परीक्षेसाठी पाठ केलेल्या वाक्यांसारखं म्हणायचे. घरातल्या त्या सैतानाच्या बाहुलीने आणि गुरुवारच्या बैठकीने त्या वाक्यांत अर्थ भरला. स्वयंपाकघरातल्या पडद्याआड मी रोज तो आदर अनुभवत होते; वॉर्डातल्या आजींना तो का हवा असतो हे मला कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही.

बोलायचं असतं ते नर्सलाही. हॅंडओव्हरच्या वेळी डॉक्टरसमोर “मला हे पटत नाही” म्हणणं तिथे कामाचा भाग आहे. एका आजोबांना दुपारपासून काहीतरी वेगळं होत होतं. बीपी ठीक, ताप नाही, पण ते चादर चिमटीत पकडून ओढत होते आणि सकाळी ओळखलेल्या मुलीला ओळखत नव्हते. मदतनीस म्हणून मी गप्प बसू शकले असते. मी ड्युटीवरच्या सिस्टरला सांगितलं, ती येईना तेव्हा पुन्हा सांगितलं. लघवीला अडथळा झाला होता. मूत्राशय तुंबलं होतं. कॅथेटर घातल्यावर तासाभरात आजोबा शांत झाले. वृद्ध माणसात असा अचानक आलेला गोंधळ हे कित्येकदा शरीरातल्या दुसऱ्याच दुखण्याचं लक्षण असतं, हे प्रत्येक पुस्तकात आहे. पण पुस्तकातलं ज्ञान तोंडाने बाहेर काढावं लागतं, तेही परक्या भाषेत, आपल्यापेक्षा वरच्या माणसासमोर.

भाषेचं काकूंनी पाहिलं. पुण्याच्या वर्गात शिकलेलं जर्मन आणि श्टुटगार्टच्या म्हाताऱ्यांची श्वाबी बोली यांत बरंच अंतर आहे. पुस्तकी जर्मनमध्ये ज्या क्रियापदाचा अर्थ उचलणं, तेच श्वाबी माणूस धरणं या अर्थाने वापरतो. पलंगाच्या कडेवर बसलेला रोगी ते म्हणाला आणि नर्सने त्याला उचललं तर दोघंही पडतील. काकू रोज संध्याकाळी अर्धा तास माझ्याशी मुद्दाम श्वाबीत बोलायच्या आणि मधेच थांबून विचारायच्या, आता काय म्हणाले मी? या अर्ध्या तासाने जे दिलं ते कुठल्याच प्रमाणपत्रावर नाही.

वॉर्डात माझ्यासमोर पहिला मृत्यू झाला तेव्हा बरोबरच्या जर्मन सिस्टरने आधी खिडकी उघडली. जानेवारी होता. आत्म्याला जायला वाट हवी, ती म्हणाली. तिथल्या बऱ्याच नर्स हे करतात, देवावर विश्वास असलेल्या आणि नसलेल्याही. मग आम्ही दोघींनी मिळून त्या आजींना पुसलं, केस विंचरले, आणि पुसताना ती त्यांच्याशी बोलत होती: आता तुमचा उजवा हात. मी घरी येऊन हे सांगितलं. इंजिनियरने क्रुसाची खूण केली. काकूंनी काही न बोलता मला कॉफी करून दिली आणि बाहुल्यांच्या मुलाने त्याचं तासकाम त्या दिवशी बंदच ठेवलं, मी मागितलं नसतानाही.

जिन्याचं सांगायचं राहिलं. श्वाबी मुलखात ‘केर्‌वोखं’ असते, झाडण्याचा आठवडा. एक छोटी पाटी घराघरांच्या दाराला फिरते. ती ज्या दाराला, त्या घराने त्या आठवड्यात आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना झाडून पुसून काढायचा. हा झाला लहान आठवडा. मोठ्या आठवड्यात तळघर, अंगण, रस्त्याकडची फरशी, आणि थंडीत बर्फसुद्धा. या रीतीचं मूळ १४९२ च्या श्टुटगार्टच्या शहर नियमांपर्यंत नेतात, ज्यांत नागरिकांनी आपला उकिरडा ठराविक मुदतीत शहराबाहेर न्यावा असं होतं. नगरपालिकेने स्वतःची सक्ती ऐंशीच्या दशकाच्या शेवटी काढली, पण भाडेकरारांत ती राहिली, आणि लोकांच्या मनात तर राहिलीच. पाटी आमच्याकडे आली आणि ती शनिवारची सकाळ माझ्या रात्रपाळीनंतरची निघाली. वहीत नोंद केली, बाहुल्यांच्या मुलाने अदलाबदल केली. नंतर माझ्या पाळीला मी दगडी पायऱ्या पुसत खाली गेले तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्या आजवर फक्त मान हलवत होत्या, दार उघडून माझ्याशी अर्धा तास बोलल्या. जिना पुसणाऱ्या माणसाशी शेजारी बोलतात. इमारतीत माझी खरी ओळख त्या दिवशी झाली.

स्वयंपाकाबद्दल फार सांगत नाही. फोडणी दिली की मार्गिकेतला धूरसूचक वाजायचा. उपाय म्हणून फोडणी खिडकी सताड उघडून आणि मार्गिकेचं दार लावून द्यायची असं ठरलं. पण मसुरीचं सांगायला हवं. श्वाबी लोक मसूर खातात, व्हिनेगर घालून, सोबत हाताने पाडलेल्या श्पेट्सलं नावाच्या शेवया. जवळच्या श्वाबी आल्ब डोंगरपठारावर मसुरीचं पीक पूर्वी मोठं होतं. विसाव्या शतकात ते बंद पडलं आणि तिथलं जुनं वाण हरवलं. २००६ साली ते रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बीजसंग्रहात सापडलं, आणि आल्बच्या शेतकऱ्यांनी मूठभर बियाण्यापासून पुन्हा उभं केलं. काकू तीच मसूर आणायच्या, महाग असली तरी. मी तिची आमटी केली, काळा मसाला घालून. काकूंनी दोन वाट्या खाल्ल्या, तिसऱ्या वाटीत व्हिनेगर घातलं, आणि तेही चांगलं लागलं. रविवारी आमटी आमच्या घरी ठरूनच गेली.

हिशोब साधे होते. रेडिओ-टीव्हीचा सार्वजनिक आकार तिथे माणशी नसून घराला लागतो, महिन्याला १८.३६ युरो, चौघांत वाटला की ४.५९. एवढ्यासाठीसुद्धा वहीत चौघांच्या सह्या. आईला हे ऐकून आश्चर्य वाटायचं. तिला काळजी होती ती पुरुषांची. मी तिला फोनवर घर दाखवलं, दाराच्या कड्या दाखवल्या, सैतानाची बाहुली दाखवली, आणि काकूंना समोर बसवलं. दोघींना एकमेकींचा एकही शब्द कळत नव्हता. आईने काकूंना त्यांचं वय विचारायला सांगितलं, मग मुलं किती, मग रात्री दार कोण लावतं. रात्री दार काकू लावतात हे कळल्यावर तिचं समाधान झालं.

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. श्टुटगार्ट त्याच राज्याची राजधानी. मुंबईशी तिचं भगिनी-शहराचं नातं १९६८ पासूनचं. करार झाल्यापासून सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या मुलींचे फोन येतात. त्या विचारतात पगाराचं, परीक्षेचं, थंडीच्या कपड्यांचं. घराचं कुणी विचारत नाही, कारण वर्गात त्यांना त्याबद्दल कुणी सांगितलेलं नसतं. भाषेच्या शिकवणीत रेल्वेचं तिकीट कसं काढायचं हे असतं. शेजाऱ्याला “मला झोपायचंय, आवाज कमी कर” हे कसं म्हणायचं ते नसतं. मला वाटतं हे वाक्य पहिल्या महिन्यात शिकवायला हवं. आमच्या मुली कामाला कमी पडत नाहीत. एकट्या पडतात त्या कामानंतर, वसतिगृहाच्या खोलीत, न बोलता. दोघी-तिघींना मी परत जाताना पाहिलंय, आणि त्यांना नर्सिंग जड गेलं नव्हतं.

माझी परीक्षा झाली. प्रत्यक्ष वॉर्डात, खऱ्या रोग्याजवळ, परीक्षक मागे उभे. पदवी मान्य झाली, पगार वाढला, आणि स्वतंत्र घर बघता येईल अशी वेळ आली. तेवढ्यात काकूंचा खुबा बदलायचं ठरलं. शस्त्रक्रिया दुसऱ्या इस्पितळात झाली, मग तीन आठवडे पुनर्वसन केंद्रात, मग चार मजले चढून घरी. मी सगळं करायला तयार होते. आयुष्यभराचं काम तेच. गुरुवारच्या बैठकीत मी यादीच वाचून दाखवली: सकाळची आंघोळ, व्यायाम, औषधं, जेवण. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आंघोळ मी स्वतः करीन, तू सैतान लटकवत जा. जेवण मला करता येतं. एकच गोष्ट जमत नाही. मोजे.”

शस्त्रक्रियेनंतर पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून घट्ट मोजे घालतात, मांडीपर्यंतचे. खुबा बदललेल्या माणसाला काही आठवडे वाकायची बंदी असते, आणि ते मोजे सैल हाताने चढतही नाहीत. टाच नेमकी बसवून, सुरकुती न ठेवता वर घ्यावे लागतात. मी माझ्या पाळीप्रमाणे सकाळी ते चढवायचे. पहाटेच्या पाळीला मी सहाच्या आत घराबाहेर पडते, तेव्हा काय? म्हणून एका रविवारी मी बाहुल्यांच्या मुलाला शिकवलं. काकू पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. त्याने मोजा आतून उलटा केला, टाचेपाशी अंगठे रोवले, आणि वर घेण्याआधी मान वर करून विचारलं, “आता डावा घेऊ का?” काकू म्हणाल्या, घे. पहिल्याच वेळी टाच बरोबर बसली. इंजिनियरने तक्त्यावर तिसरा रंग काढला, मोज्यांचा, आणि सोमवार-मंगळवार त्या मुलाच्या नावावर लिहिले. स्वतंत्र घराच्या जाहिराती बघायचं मी तेव्हापासून पुढे ढकललं आहे.